नको म्हटलेली चाळिशी

माझ्या गळ्यात हल्ली एक काळी दोरी असते आणि दोरीच्या टोकाला चाळिशी. फोन वाजला की आधी दोरी ओढायची, मग फोन उचलायचा. फोनवरचा निरोप, साखर तपासायचं यंत्र, तापाचं थर्मामीटर, बीपीचं मशीन, यातलं काहीही चाळिशी नाकावर चढल्याशिवाय मी हातात घेत नाही. नात म्हणते, आजी, तू अंघोळीलासुद्धा दोरी घालून जाशील. घरात या नियमाची सगळे थट्टा करतात, मीही करू देते. नियम आला कुठून, हे त्यांना ठाऊक नाही.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, नोकरीतल्या गमतीजमती लिहा, नर्सबाईंकडे पुष्कळ असतात. पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येते आणि तिच्यात गंमत थोडीच आहे. जेवढी आहे तेवढी आधी सांगते.

मी नर्स होते म्हणजे पांढऱ्या टोपीतली, हॉस्पिटलातली नव्हे. आमची जात उपकेंद्राची. दोन खोल्या, एक टेबल, एक कपाट, नळाला पाणी असलं तर असलं, आणि आजूबाजूची पाच गावं नि त्यांच्या वाड्यावस्त्या. बाळंतपणं, लसी, लाल गोळ्या, कुटुंबनियोजन आणि वह्या. वह्या इतक्या, की पेशंट कमी आणि रकाने जास्त. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, ते वहीवर सही करायला. बाकी सहा दिवस गावाची डॉक्टर मीच. लोक "सिस्टर" म्हणायचे. मला ती हाक फार आवडायची, आता कबूल करायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकात माझी बदली इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही. पळसदेवहून ते फार लांब नाही, एवढं पुरे. अर्धं गाव ऊस लावणारं, उरलेलं मासे धरणारं, आणि काही घरं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारी, आता पाण्यामुळे एका जागी बसलेली.

आता चाळिशीविषयी. आमच्याकडे जवळचं वाचायच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात, म्हणजे वयाला आणि चष्म्याला एकच शब्द. चष्मा घातला की वय सांगितलं. पुरुषांना त्याचं काही नसतं, उलट रुबाब वाढतो. बाईनं घातली की शेजारीण विचारते, "लागली का चाळिशी?" आणि तिच्या डोळ्यांतलं हसू तुम्हाला चाळिशीशिवायही दिसतं. दुसरं असं, की गावात चाळिशी कुणा एकाची नसते. दुकानाच्या खिळ्यावर एक लटकलेली असते, ती घालून जो तो आपापलं पत्र वाचतो, सातबारा वाचतो, सुईत दोरा ओवतो. नंबर कुणाचा कुणाला, त्याची पर्वा नाही.

मला एकोणचाळिसावं सरत आलं होतं तेव्हा लसीच्या बाटलीवरची तारीख पळायला लागली. इंदापूरच्या बाजारात गाडीवाल्यानं एकामागून एक चष्मे डोळ्यांवर चढवले, हातात वर्तमानपत्राचा तुकडा दिला. पाचव्या चष्म्याला अक्षरं जागेवर बसली. मी तो घेतला आणि पिशवीत कापसाच्या गुंडाळीखाली दडवला. वह्या भरायच्या त्या उपकेंद्राचं दार लोटून. लोकांसमोर कागद आला की हात लांब करायचा, मान मागे घ्यायची आणि जमेल तसं वाचायचं.

यात नुसता नखरा होता असं म्हटलं तर मी सुटते. पण तेवढंच नव्हतं. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्या आळीत सरकारी पगार आणणारी पहिली मुलगी मी. दुसऱ्या सिस्टरच्या हातून चूक झाली तर ती त्या बाईची चूक असायची. माझ्या हातून झाली की "यांना नोकऱ्या अशाच मिळतात" हे वाक्य तयार होतं, मी ते दोन-तीनदा कानांनी ऐकलेलं. त्यामुळे मला म्हातारं व्हायची, थकायची, न दिसायची परवानगी नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

गावात एक आबा होते. मेंढरं राखलेलं घर, सत्तरी उलटलेली, कानानं ठार. मुलानं त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं होतं. तेव्हाचं यंत्र म्हणजे काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, ती बंडीच्या खिशात, आणि तिच्यातून निघालेली वायर कानात. आत एक पेन्सिल सेल. एकदा आबा उपकेंद्रात आले आणि म्हणाले, तीन आठवडं झालं, घरातली समदी माझ्याशी बोलायची बंद झाल्यात, माझं काय चुकलं तेवढं तुमी इचारून या. मी त्यांच्या घरी गेले तर सून, मुलगा, बायको तिघंही बोलून बोलून घसा बसलेली. डबी उघडली. सेल उलटा घातलेला होता. आतली अधिक-उण्याची खूण आबांना दिसली नव्हती, खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हती. मी सेलचं टोक बोटानं चाचपलं, स्प्रिंग चाचपली आणि सेल फिरवून बसवला. आबा एकदम दचकले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "अगं, हळू बोल की." पडवीत हशा पिकला. "सिस्टर, तुमची नजर लई तेज," आबा म्हणाले. मी ते मान हलवून स्वीकारलं.

त्या घराचं आणखी एक सांगायला हवं. पहिल्या वर्षी मला तिथे चहा यायचा तो कान तुटलेल्या कपातून. तो कप पडवीच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. मला कळत होतं, मी पीत होते. एके दिवशी आबांनी तो कप उचलून उकिरड्यावर भिरकावला आणि बायकोला म्हणाले, दुसरा आण, घरातला. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, आणला. पुढे तो विषय कधी निघाला नाही, मीही काढला नाही. पण तेव्हापासून आबांना सेल लागला की माझ्या टेबलाच्या खणातून द्यायचा, हा माझा शिरस्ता झाला.

त्याच सुमारास पुण्याच्या एका मंडळानं आमच्या भागातल्या उपकेंद्रांना बीपीची छोटी मशीनं दिली. तोपर्यंत आमच्याकडे पाऱ्याचं होतं. जड पेटी, तीन किलोमीटर चालत न्यायची, पण पारा उंच चढायचा आणि आकडे ठसठशीत. हात लांब करून, कानाला नळी लावून नीट वाचता यायचं. नवं मशीन मुठीएवढं, चार पेन्सिल सेलवर चालणारं. पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं, ते आपोआप फुगायचं, गुरगुरायचं आणि काचेवर आकडे उमटायचे. मंडळाच्या माणसानं आम्हाला शिकवलं, हे बटण दाबलं की शेवटचा आकडा परत दिसतो, मशीन लक्षात ठेवतं. सेल काढले की मात्र विसरतं. आम्ही सगळ्या सिस्टर कौतुकानं हसलो.

एक गोष्ट त्याला कुणी विचारली नाही. कागद हातभर लांब धरता येतो. हे मशीन रबरी नळीनं बाईच्या दंडाला बांधलेलं, नळी वीत-दीड वीत. लांब सरकून पाहावं तर राखाडी काचेवरचे राखाडी आकडे उन्हात विरून जायचे, जवळ जावं तर धूसर. आणि ते आकडेही काड्या जुळवून केल्यासारखे. सहा, आठ, नऊ, शून्य यांत एक-दोन काड्यांचा फरक. चाळिशी असेल तर काही अडचण नव्हती. ती कापसाखाली होती.

वैशाखाचे दिवस होते, पाणी खूप मागे हटलेलं. आबांची सून मंगल, काटेवाडीची मुलगी, वय एकवीस, पहिलटकरीण, आठवा महिना. तपासणीच्या दिवशी ती आली नाही म्हणून मी घरी गेले. पडवीत बाजेवर मंगल, शेजारी खुर्चीवर आबा वर्तमानपत्र वाचत, नाकावर त्यांची चाळिशी, तिची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. शेवंताबाई चुलीशी.

मंगल म्हणाली, "सिस्टर, डोकं लई ठणकतंय. दोन दिस झालं. मधीच डोळ्यापुढं अंधारी येती."

मी म्हटलं, ऊन किती आहे बघ, पाणी पीत जा. पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, थांबलं. मी मान मागे घेतली, डोळे बारीक केले, मशीन थोडं तिरकं केलं. हे सगळं मी सफाईनं करायचे, कुणाच्या लक्षात येत नसे. आबांच्या आलं. त्यांनी नाकावरची चाळिशी काढली, धोतरानं पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"सिस्टर, ही घ्या. माझी घाला."

ज्या घरात मला वेगळा कप होता, त्या घरातला म्हातारा स्वतःच्या नाकावरचा चष्मा मला देत होता. आज मला त्याचं मोल कळतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की यांनी मला पकडलं.

"नको आबा, मला नाही लागत," मी म्हटलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. "एकशे आठवर अडुसष्ट. एकदम छान आहे."

तेवढं करून मी थांबायला नको होतं. माझ्या पिशवीत काचेची नळी होती, स्पिरिटचा दिवा होता. लघवी तापवली की वरचा थर पांढरा होतो का ते पाहायचं असतं, पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहायचं असतं. डोकं दुखतंय, अंधारी येते असं गरोदर बाई म्हणाली की हे करायचंच, हे मी नव्या मुलींना शिकवत असे. पण आकडा छान होता ना. छान आकड्यानं मला घाई करू दिली. लाल गोळ्या दिल्या, चहा प्याले, वहीत १०८/६८ लिहिलं आणि निघाले. पुढचे तीन दिवस लसीकरणाचे. मशीन पिशवीतून बाहेर निघालंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मंगलचा नवरा दत्ता लूनावरून आला आणि उपकेंद्राच्या दारातूनच म्हणाला, मंगल कसंतरीच करतीया. मी गेले तेव्हा ती जमिनीवर होती, दातखीळ बसलेली, डोळे वर, हातपाय झटके देत होते. शेवंताबाईंनी तिच्या नाकाला चप्पल लावलेली होती. मी चप्पल भिरकावली, तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. गावातून मासळीचा टेम्पो निघतच होता. बर्फाच्या पेट्या उतरवल्या आणि तिला ओल्या पोत्यांवर निजवून आम्ही इंदापूर गाठलं, तिथून लगेच पुढे बारामतीला पाठवलं. वाटेत तिला आणखी दोन झटके आले. मी पूर्ण वेळ तिचं डोकं मांडीवर धरून होते.

बारामतीच्या डॉक्टरांनी मंगलला वाचवलं. मुलगा पोटातच गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उपकेंद्रात परत आले, दार लोटलं, कापसाखालची चाळिशी काढून घातली आणि मशीनचं ते आठवणीचं बटण दाबलं. काचेवर आकडे आले. १६८. खाली ९८. मी चाळिशी काढून पाहिलं, एकशे आठ दिसले. परत घातली, एकशे अडुसष्ट. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. मशीननं आपलं काम चोख केलं होतं. त्या दिवशी मी तिला तिथूनच दवाखान्यात पाठवलं असतं तर चार दिवस हातात होते.

मग मी मशीन उलटं केलं आणि चारही सेल काढले.

सहीला येणारे डॉक्टर येणार, वही मागणार, मशीन मागणार, हे मला माहीत होतं. सेल खणात टाकले, खण बंद केला. डॉक्टर आले, त्यांनी वही पाहिली. कधी कधी एकदम वाढतं, म्हणाले, चहा प्याले आणि १०८/६८ च्या खाली सही केली. मशीन कुणी मागितलंच नाही. सेल काढायचीसुद्धा गरज नव्हती.

दोनच दिवसांत आबा आले. डबी पुढे केली, सेल संपला होता. मी खण उघडला. खणात तेच चार होते. त्यांतला एक दिला. आता आबा स्वतःच बोटानं टोक चाचपून सेल बसवायला शिकले होते, मीच शिकवलेलं. कानात वायरची खुंटी घालून ते म्हणाले, "नातू गेला. पर पोरगी तुमच्यामुळं वाचली, सिस्टर." मी वही उघडून तिच्यात काहीतरी शोधत राहिले.

इथपर्यंतचं मी कदाचित कुणाला तरी सांगून टाकलं असतं. नवऱ्याला, आईला. चुका होतात. पण यानंतर जे झालं ती चूक नव्हती.

मंगल दीड महिन्यानं सासरी आली आणि घरात एक शब्द फिरायला लागला, फेफरं. पोरीला आधीपासून फेफरं होतं, काटेवाडीकरांनी लपवलं, फसवून पोरगी गळ्यात बांधली. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की झटके बीपीमुळे आले, बाळंतपणातले असतात, पुन्हा येणार नाहीत. कागदावर ते इंग्रजीत लिहिलेलंही होतं. पण शेवंताबाईंचा हिशेब सरळ होता. बीपी असतं तर चार दिवसांपूर्वी सिस्टरच्या मशीनमध्ये दिसलं असतं. सिस्टर तर छान म्हणाली होती. मग हे फेफरंच.

मंगलचे वडील काटेवाडीहून आले. पडवीत बैठक बसली आणि मला वही घेऊन बोलावणं आलं. मी गेले. एका बाजूला मंगलचे वडील टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले, समोर शेवंताबाई, दत्ता खाली मान घालून, खुर्चीवर आबा. मंगल आतल्या दाराला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, सिस्टर आली, आता सगळं नीट होईल.

मी तोंडानंच सांगायला गेले, तर शेवंताबाई म्हणाल्या, "तोंडी नगं. वहीत बघून सांगा. उद्या कुनी म्हणाया नगं, की चुकीचं वाचलं."

वही लांब धरून अक्षर लागेना, आणि तिथे अडखळणं मला चालणार नव्हतं. मी पिशवीत हात घातला, कापूस बाजूला सारला, चाळिशी काढली आणि घातली. त्या गावात, चारचौघांत, पहिल्यांदा. वहीतला आकडा लख्ख दिसला. माझंच अक्षर, खाली डॉक्टरांची सही.

"एकशे आठवर अडुसष्ट," मी वाचलं.

"म्हंजी बरुबर का जास्त?"

"बरोबर."

मंगलच्या वडिलांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मी आणखी काहीतरी बोलले. कधी कधी एकदम वाढतं, डॉक्टर म्हणतात तसं असेल, असं काहीतरी. तेही मी इतक्या हळू बोलले की बोलल्याचं समाधान मला मिळावं आणि ऐकू कुणालाच येऊ नये.

आबांना आलं असणार. त्यांच्या डबीत माझा सेल होता. ते माझ्या तोंडाकडे, नाकावरच्या चाळिशीकडे बघत होते.

"सिस्टर, तुमाला चाळिशी हाय व्हय?"

"आहे, आबा."

"त्या दिशी तर म्हणला व्हता, लागत न्हाय."

पडवीत कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. शेवंताबाई म्हणाल्या, हितं पोराच्या संसाराचं चाललंय आन् तुमी चाळिशीचं काय काढलंय. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. ते थांबले होते. मी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. एक वाक्य होतं. मी चुकीचं वाचलं, बीपी जास्त होतं, पोरीत दोष नाही. तेवढं बोलले असते तर गावानं मला काय काय म्हटलं असतं ते सगळं माझ्या कानात आधीच वाजत होतं. मी वही मिटली.

मग आबांनी कानातली खुंटी काढली, वायर बोटांना गुंडाळली, डबीसकट खिशात ठेवली आणि पाण्याकडे तोंड करून बसले. त्यानंतर बैठकीत काय बोललं गेलं ते त्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळच्या एसटीनं मंगल वडिलांबरोबर काटेवाडीला गेली. निघताना माझ्या पाया पडली. दत्ताचं पुढच्या वर्षी दुसरं लग्न झालं. मी त्या गावात आणखी अडीच वर्षं होते. आबा सेल मागायला परत कधी आले नाहीत. रस्त्यात दिसले तर रामराम करायचे, पण कानात वायर नसायची. लोक म्हणायचे, म्हातारा आता यंत्र लावायला कंटाळलाय.

दशक संपता संपता मला बारामतीच्या स्टँडवर मंगल भेटली. तिनंच हाक मारली. काटेवाडीला भावाकडे राहत होती, दुधाच्या संकलनावर काम करत होती. माझी, माझ्या मुलांची चौकशी केली. मग पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून म्हणाली, संपत आल्यात, घ्यायला आले. फेफऱ्याच्या गोळ्या होत्या. गावाकडच्या कुण्या डॉक्टरनं चालू केल्या होत्या, तेव्हापासून रोज दोन.

"फिट आली का कधी परत?" मी विचारलं.

"एकदाबी न्हाय," ती म्हणाली. "गोळ्या हायत म्हणून."

मला वाटतं मी तिला म्हटलं, मोठ्या डॉक्टरला दाखवून घे, कदाचित बंद करता येतील. ती हसली. "तुमीच सांगा की, सिस्टर. तुमाला माझं समदं म्हाईत हाय." एवढ्यात इंदापूरची गाडी लागली. गाडी तिथे वीस मिनिटं थांबणार होती, मला माहीत होतं. मी लगबगीनं चढले.

निवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला, शाल मिळाली. एकतीस वर्षांत एकही तक्रार नाही, असं भाषणात सांगितलं गेलं. ते खरं आहे. तक्रार करायला कुणाला कळायला हवं होतं.

तर गमतीजमती एवढ्याच. या लेखात मी गावाचं नाव दिलं नाही. आबांचं दिलं नाही, ते आता नाहीत. मंगलचं मात्र खरं दिलं आहे, काटेवाडीही खरी आहे, कारण हे तिच्या गावात कुणीतरी वाचावं, तिच्या भावानं वाचावं, तिच्या भावकीतल्या ज्यांनी तिच्याकडून पाण्याचा तांब्या घेताना, फिट येते की काय म्हणून तिच्या हातांकडे पाहिलं त्यांनी वाचावं. नोंद दुरुस्त करायला मला एवढी वर्षं लागली. वहीत १०८/६८ आहे ते खोटं आहे. मशीनवर १६८/९८ होतं. मशीन चांगलं होतं.

मंगल, तुला फेफरं नव्हतं. कधीच नव्हतं. तुझ्या वडिलांनी काही लपवलं नव्हतं, लपवलं ते मी. तुलाही आता चाळिशी लागली असेल. ती घाल आणि हे पुन्हा एकदा नीट वाच.